मुदत दुपारी चारची

सकाळी ६.४५. लंडनमध्ये अजून अंधार आहे आणि पुण्यात सव्वाबारा झालेत. काकूंचा फोन याच वेळेला येतो. "ताई, लागला का निकाल?" काकू कोथरूडला एकट्या राहतात, मुलगा इथे स्लाउला. (मी इमिग्रेशनची कामं करणारी सॉलिसिटर. कुणा अशिलाला ओळखता येऊ नये म्हणून इथले तपशील मोडून-जोडून घेतलेत.) जुलै २०१२ पासूनच्या नियमानुसार म्हाताऱ्या आईबापांना ब्रिटनमध्ये आणायचं, तर त्यांना रोजचं नहाणं-खाणं एकट्याने जमत नाही हे दाखवावं लागतं. वर, तशी मदत मायदेशी मुलाने पैसे मोजूनही मिळत नाही, हेही. पुण्यात ब्यूरोची बाई मिळते. संपला अर्ज. मुलाकडे पैसा असेल तर तिकडे बाई ठेवा म्हणतात, आणि नसेल तर सरकारी मदतीवाचून आईला इथे पोसणार कशावर, असं विचारतात. हा नियमच बेकायदा ठरवा म्हणून लोक कोर्टात गेले होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. त्यामुळे आता नियमाला हात लावता येत नाही. मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमातला कौटुंबिक जीवनाचा हक्क काकूंच्या बाबतीत डावलला गेला, एवढंच मांडायचं.

"अजून तारीखच लागली नाही, काकू."

"बरं. तू जेवलीस का?"

८.३०. ऑफिस. कॉफी, टपाल, तारखांची वही. संगणक आठवण करून देतो, तरी वही ठेवतेच.

९.४०. चान्सरी लेनजवळच्या ब्रीम्स बिल्डिंग्जमधलं फील्ड हाउस. इमिग्रेशनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाच्या सुनावण्या इथे होतात. आज नागपूरच्या एका इंजिनिअरचा जेआर आहे, म्हणजे सरकारी निर्णयाचं न्यायालयीन पुनर्विलोकन. कायमच्या वास्तव्याच्या अर्जात एक उत्पन्न, कर खात्याकडे दुसरं. हिशेबनिसाची चूक, असं तो म्हणतो. गृहखात्याने त्याला न विचारताच अप्रामाणिक ठरवलं आणि अर्ज फेटाळला. अशा शेकडो उच्चशिक्षितांवर, त्यात भारतीय पुष्कळ, ही वेळ आली होती. एप्रिल २०१९ मध्ये बालाजीगारी खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की माणसाला खोटारडा म्हणण्याआधी त्याला संशय कळवा आणि त्याचं म्हणणं ऐका. आमची सगळी मदार त्या निकालावर.

दहाला पाच कमी असताना सरकारी बॅरिस्टर कॉरिडॉरमध्ये येतो. कागद पुढे करतो. सरकार निर्णय मागे घेईल, तीन महिन्यांत नव्याने विचार करेल, आमचा वाजवी खर्च देईल. हरण्याची चिन्हं दिसली की सरकार बहुधा असंच करतं. आमचे बॅरिस्टर डोळ्यांनीच 'घ्या' म्हणतात.

अशील कागद दोनदा वाचतो. "ताई, मी खोटा नाही असं यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. संमतीच्या आदेशात त्यावर एक अक्षर नसतं. आज सुनावणी होऊन खटला पुढे चालवायची परवानगी मिळाली असती, पुढे खटला जिंकलो असतो, तरी बहुतेक वेळा कोर्ट एवढंच म्हणतं की निर्णय चुकीच्या पद्धतीने घेतला, पुन्हा घ्या. व्हिसा कोर्ट देत नाही. हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, त्याने मान डोलावलीही होती. पण माणूस इथे येतो तो अब्रूसाठी. तो बाकावर बसून राहतो, बायकोला फोन लावतो, "सेटलमेंट झाली" म्हणतो आणि मग सही करतो.

१.१५. डब्यात फ्लॉवरची भाजी. सहकाऱ्यांशी विषय निघतो तो आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याच्या योजनेचा. १५ नोव्हेंबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल, पाच न्यायमूर्ती, एकमत. लोकांनी तो कोर्टाने सरकारच्या मुस्काटात मारल्यासारखा वाचला. न्यायमूर्तींनी मोजकंच म्हटलं होतं: रवांडात पाठवलेल्यांना तिथून पुन्हा जिवाच्या धोक्यात ढकललं जाण्याची खरी भीती आहे. सरकारने २०२४ मध्ये कायदा करून रवांडाला सुरक्षित ठरवून टाकलं. योजना अखेर गुंडाळली ती त्या वर्षी निवडणूक जिंकून आलेल्या नव्या सरकारने. कोर्टाने वेळ मिळवून दिला, यापेक्षा मोठं श्रेय मी तरी देत नाही.

२.३०. आयटीतली चार मुलं. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव आला, तेव्हापासून हा प्रश्न आठवड्याला येतो. "२००८ सारखी केस करू या ना!" तेव्हा उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेत आधीच आलेल्यांना सरकारने २००६ चे नवे नियम लावले होते. एचएसएमपी फोरम कोर्टात गेला आणि जिंकला, कारण त्या योजनेत लोकांना दिलेला शब्द कागदावर होता. तुम्हाला कुणी काय लिहून दिलंय ते आणा, मी म्हणते. चौघंही फोन चाळू लागतात.

३.५२. दुसऱ्या एका खटल्याच्या आदेशात मुदत दुपारी चारची. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात अनुक्रमणिका म्हणते पान ११२, निघतं पान ११४, कारण ग्रामपंचायतीचा जन्मदाखला दोनदा स्कॅन झालाय. शिवाय भाषांतरावर भाषांतरकाराची सही नाही. भाषांतरकार ईलिंगच्या बसमध्ये. ३.५८ ला सही आली, ३.५९ ला गठ्ठा गेला.

६.४०. हीथ्रोजवळच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवलेल्या एकाची वहिनी. उद्या रात्रीचं विमान. आधी सूचना न देताच विमानात बसवण्याची पद्धत अपील न्यायालयाने २०२० मध्ये बेकायदा ठरवली. इथे सूचना रीतसर मिळालेली आहे. रात्री ड्यूटीवरचे न्यायमूर्ती असतात, फोनवरूनही स्थगिती मिळू शकते. पण अर्जात विरोधातल्या गोष्टीही मांडाव्या लागतात, आणि २०१२ पासून बिनबुडाचे, शेवटच्या घटकेचे अर्ज करणाऱ्या वकिलांना हाय कोर्ट उघड सुनावणीत उभं करतं. मी तासभर फाइल वाचते. दोन अपिलं हरलेली, नवीन काहीच नाही. मी नाही म्हणते. तिला हेही सांगते की आज रात्री पैसे घेऊन 'हो' म्हणणारा कुणीतरी भेटेल, त्याला आधी विचारा की नवा मुद्दा कोणता.

वाचकांपैकी कुणाच्या घरी नकाराचं पत्र आलं, तर ते ज्या दिवशी मिळालं ती तारीख त्यावर लिहा आणि ईमेल पुसू नका. अपिलाचा हक्क असेल तर ब्रिटनमध्ये असलेल्याला १४ दिवस मिळतात, बाहेर असलेल्याला २८. जेआरला कमाल तीन महिने, पण तेही 'तातडीने' या अटीसह. त्याआधी सरकारला नोटिशीचं पत्र द्यावं लागतं आणि उत्तरासाठी साधारण १४ दिवस थांबावं लागतं. वकिलाकडे पहिल्या आठवड्यात जा.