इटलीत मोटार की आगगाडी?

परदेशच्या सहलीचं ठरलं, की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती चकल्या आणि मेतकूट किती न्यायचं याची. आमच्या घरी मात्र वादाला तोंड फुटलं ते वाहनावरून. ह्यांचं म्हणणं, “भाड्याची मोटार घेऊ. हवं तिथे थांबू.” मी म्हणत होते आगगाडी. सासूबाई म्हणाल्या, “मला फार चालवू नका म्हणजे झालं!” झालं, त्यांच्या गुडघ्यांनी निकाल दिला. रोमच्या विमानतळावरच १२ दिवसांसाठी मोटार घेतली.

रोममध्ये ती ४ दिवस पैसे मोजून नुसती उभी राहिली. पुढे टस्कनीतल्या एका जुन्या गावात हॉटेल शोधताना आम्ही एका गल्लीत शिरलो, चूक कळल्यावर बाहेर पडलो आणि विसरूनही गेलो. संक्रांतीच्या सुमारास घरी पत्र आलं. त्या गल्लीत बाहेरच्या गाड्यांना मनाई होती आणि कॅमेऱ्याने आमचा नंबर टिपला होता. वर आमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल मोटारवाल्यांनी वेगळी फी घेतली. मी स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पण मैत्रिणींनो, रागाच्या भरात मोटारीला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. पिएंझासारख्या टेकडीवरच्या गावांत सासूबाई सुखाने फिरल्या त्या मोटारीमुळेच. रविवारी तिकडे बस फार कमी असतात. चूक झाली ती सगळ्या सहलीला एकच वाहन लावण्यात.

म्हणून सहल ठरवताना एक कागद घ्या आणि रोजच्या मुक्कामापुढे वाहन लिहा. मोठ्या शहरांसाठी आगगाडी लिहायची. रोमहून फ्लोरेन्सला जलद गाडी सुमारे दीड तासात पोचते, नेपल्सला त्याहूनही लवकर. व्हेनिसमध्ये तर मोटार शहराच्या तोंडाशीच ठेवावी लागते. आगगाडीतून उतरलात तर स्टेशनच्या दाराशीच मोठा कालवा! जलद गाड्यांची तिकिटं आधी काढली तर पुष्कळ स्वस्त पडतात. साध्या प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र ठरलेले असतात. त्यांचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड! हमाल मिळेल या भरवशावर राहू नये. आपली बॅग आपल्याला उचलता येईल एवढीच भरावी.

मोटार लिहायची ती टस्कनीची खेडी, सिसिली, डोलोमाइट्सचे डोंगर यांच्यापुढे. सान जिमिन्यानो या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. पोज्जीबोन्सीला उतरून बस धरावी लागते. दोघांना ते जमेल, पण लहान मूल किंवा वडीलधारं माणूस बरोबर असेल तर २-३ दिवस मोटार घ्यावी, तीही शहर सोडताना.

मोटार घेण्याआधी एवढं पाहा:

• आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं.

• लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि ‘झोना ट्रॅफिको लिमिटातो’ ही अक्षरं दिसली, की आत शिरू नये. हॉटेलच आत असेल तर गाडीचा नंबर त्यांच्याकडून आधी नोंदवून घेता येतो का, ते विचारावं. परदेशी राहणाऱ्याला नोटीस धाडायला तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे. तेव्हा घरी पोचलो म्हणजे सुटलो असं समजू नका!

• ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. टाकीत काय भरायचं ते गाडी घेतानाच विचारून घ्या.

• हिशेबात भाड्याबरोबर विमा, टोल, पेट्रोल आणि पार्किंगही धरा.

गेल्या वर्षी वन्सं इटलीला निघाल्या, तेव्हा मी असाच कागद करून दिला. ९ दिवस आगगाडी, ३ दिवस मोटार. संक्रांत येऊन गेली. त्यांच्याकडे अजून पत्र आलेलं नाही. आमचे हे मात्र तो कागद आपणच सुचवला असं सगळ्यांना सांगतात. सांगू देत बापडे! आमचा ओटा तेवढा व्हायचा आहे.