तबकडीवरचा ‘संशयकल्लोळ’

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. नाट्यगृहांपासून दूर असलेल्या सेनगावसारख्या गावांत मात्र अशी नाटके पोचली ती मुख्यतः पदांच्या रूपाने. आधी तबकडीवरून, मग रेडिओवरून.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत लांबणारे पद ध्वनिमुद्रणात तेवढ्यात आटपावे लागे. ताना आखडल्या, हे चालून गेले. खरी तूट निराळीच होती. रेवतीकडून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळणाऱ्या बायकोला फाल्गुनराव पाहतो आणि त्याचा संशय पेट घेतो. हा सारा घोटाळा गद्य संवादांत आहे. गणपतराव बोडसांनी गाजवलेला फाल्गुनराव हसवतो तो बोलण्यातून. तबकडीने पदे जपली, हसू मागे राहिले.

पुढे आकाशवाणीने संगीत नाटके संवादांसह ऐकवली, तेव्हा ही तूट थोडी भरून निघाली. तरी पुष्कळांना आजही पदे पाठ असतात, गोष्ट ठाऊक नसते. म्हणून मंडळी, पद ऐकण्याआधी त्याच्या मागचा-पुढचा प्रवेश घरात मोठ्याने वाचा. हसू आपोआप परत येईल.