निरीक्षण म्हणजे नुसते पाहणे नव्हे

‘इलेक्ट्रॉनकडे पाहिले की त्याचे वागणे बदलते,’ हे वाक्य पुंजभौतिकीवरील लेखांत वरचेवर आढळते. मनाचा पदार्थावर परिणाम होतो, असा निष्कर्षही काही जण त्यावरून काढतात. येथे ‘पाहणे’ म्हणजे नेमके काय, हे आपण दोन प्रयोगांच्या आधारे समजून घेऊ.

१९८९ साली जपानमध्ये अकिरा टोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांपुढे दोन वाटा ठेवल्या. उपकरणात एका वेळी जेमतेम एकच इलेक्ट्रॉन असे आणि पडद्यावर त्याचा एकच ठिपका उमटे. सुरुवातीचे ठिपके कसेही विखुरलेले दिसले. पण हजारो ठिपके जमल्यावर त्यांतून एकाआड एक पट्टे स्पष्ट झाले. हे व्यतिकरणाचे पट्टे होत. पाण्यावरच्या दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर अशीच नक्षी होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन कोणत्या तरी एकाच वाटेने गेला असे मानले, तर या पट्ट्यांचा उलगडा होत नाही.

मात्र कण कोणत्या वाटेने गेला याची नोंद कोठेही झाली, की पट्टे नाहीसे होतात. ती नोंद कोणी वाचायला हवी का?

याचे उत्तर व्हिएन्ना येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळते. तेथे ७० कार्बन अणूंचे फुलरिन रेणू निर्वातात, बारीक फटींच्या जाळ्यांमधून सोडले होते. त्यांचेही पट्टे मिळाले. मग लेसरने रेणू अधिकाधिक तापवले, तसतसे पट्टे पुसट होत गेले आणि सुमारे ३००० केल्विनला जवळजवळ नाहीसे झाले. तापलेल्या लोखंडाप्रमाणे तापलेला रेणूही प्रकाश बाहेर टाकतो. हा प्रकाश कोठून निघाला, यात रेणूच्या वाटेची खूण असते. तो टिपायला तेथे कोणीही बसलेले नव्हते. खूण परिसरात पोचली, एवढेच पुरेसे झाले.

तेव्हा निरीक्षण म्हणजे कणाची खूण मागे ठेवणारा, परिसराशी आलेला संबंध. त्याला डोळा लागत नाही, मनही नाही. खडूच्या तुकड्यावर हवेचे रेणू आणि प्रकाश सतत आदळत असतात; म्हणून खडूचे व्यतिकरण आपल्याला कधी दिसत नाही.

अनेक शक्यतांपैकी एकच ठिपका प्रत्यक्षात का उमटतो, यावर मात्र शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. विद्यार्थ्यांना हेही मोकळेपणाने सांगावे.