एकाच घराण्याची दोन आडनावे : क्वेबेकमधील वंशशोधाचा पेच

कॅनडातील फ्रेंच वंशाच्या पूर्वजांचा शोध बहुधा 'दी' या शब्दापाशी अडतो. 'दी' म्हणजे 'म्हणून ओळखला जाणारा'. १६६५ मध्ये तत्कालीन फ्रेंच वसाहतीत उतरलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतील अनेक सैनिकांना टोपणनावे होती. पुढे तीच आडनावे झाली. एका भावाचा वंश मूळ आडनावाने, तर दुसऱ्याचा टोपणनावाने चालला, असेही घडे. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या काहींनी तर आडनावाचे भाषांतरच केले; 'लब्लां', म्हणजे 'पांढरा', याचे 'व्हाइट' झाले. बाप्तिस्म्याच्या नावांतही घोळ आहेच : कित्येक मुलग्यांना 'जोसेफ' आणि मुलींना 'मारी' हे नाव जोडले जाई. अशा वेळी चर्चची विवाहनोंद उपयोगी पडते. पहिल्या विवाहाच्या नोंदीत सहसा वधू-वरांच्या आईवडिलांची नावे असतात आणि आई माहेरच्याच आडनावाने नोंदलेली असते. वडिलांचे आडनाव बदललेले दिसले, तरी आईच्या नावावरून घराणे ओळखता येते.