मागची काच आणि कानातली दणदण

बीड शहर सोडून सोलापूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात पाली हे गाव येते. जवळच बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी, समोर बालाघाटाची रांग आणि त्यांच्या सोबतीने जाणारा धुळे–सोलापूर हा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक २११ होता, आता तो ५२ आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड या बाजूची अनेक कुटुंबे कुंथलगिरीच्या दर्शनाला जाताना याच मार्गाने जातात. गाडीत तीन पिढ्या असतात, डबे असतात, पाण्याच्या बाटल्या असतात आणि पालीच्या आसपास हमखास सुरू होणारा एक छोटासा वादही असतो.

हा वाद काचेवरून होतो. मागे बसलेल्या आजींना एसी सोसत नाही. गाडीतल्या कोंदट हवेने त्यांना मळमळू लागते, म्हणून त्या आपल्या बाजूची काच खाली करावयास सांगतात. काच अर्धी खाली येते आणि क्षणातच साऱ्या गाडीत एक विलक्षण दणदण सुरू होते. तो नेहमीचा वाऱ्याचा घोंघाट नसतो. कोणीतरी कानाच्या पडद्यावर तळहाताने एकसारखे दाबावे आणि सोडावे, तसा तो अनुभव असतो. नातवंडे कानांवर हात ठेवतात, बोललेले ऐकू येत नाही, चालकाचे चित्त विचलित होते. मग पुढून आज्ञा येते, “काच वर घ्या!” काच वर जाते, दणदण थांबते, आजी मात्र मुकाट्याने पदराने वारा घेत बसतात. ज्यांना वाऱ्याची सर्वांत अधिक गरज होती, त्यांचाच वारा बंद होतो.

काही जणांना या दणदणीने निराळीच शंका येते. टायरमध्ये दोष असेल, चाकाचा तोल बिघडला असेल, दाराचे रबर सैल झाले असेल, असे वाटून ते गाडी गॅरेजमध्ये नेतात. तेथे चाके तपासली जातात, पैसे दिले जातात आणि पुढच्या प्रवासात दणदण पुन्हा हजर होते. वास्तविक गाडीत कसलाही बिघाड झालेला नसतो.

या कोड्याची किल्ली याच रस्त्यावर सापडते. बीड शहरातल्या गर्दीतून गाडी हळू जात असताना तीच काच तेवढीच उघडी असली, तरी दणदण होत नाही. पालीजवळ मोकळा रस्ता लागतो, वेग वाढतो आणि ती सुरू होते. पुढे मांजरसुंब्याच्या घाटात वळणे आली, वेग उतरला की ती आपोआप थांबते. घाट चढून गाडी पठारावर आली आणि पुन्हा वेग धरला की ती परत येते. म्हणजे कारण नुसते काचेत नाही, नुसत्या वाऱ्यातही नाही. ते काच आणि वेग यांच्या मेळात आहे.

हा मेळ समजण्यासाठी महामार्गावरून थोडे पाणवठ्याकडे वळावे लागेल. नळाखाली घागर भरत ठेवली, की भरत जाताना तिचा आवाज बदलत जातो. आरंभी तो खोल आणि जाड असतो. पाणी वर चढते, आतली हवेची जागा कमी होते, तसा तो बारीक होत जातो. न पाहताही घरातल्या स्त्रिया ‘घागर भरत आली’ असे सांगतात, ते या आवाजावरूनच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर ओठ टेकवून आडवी फुंकर घातली की ‘भों’ असा सूर निघतो, तोही याच जातीचा. पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते. तोंडाशी असलेली हवा त्या स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखी आत-बाहेर हलते. प्रत्येक पोकळीचा असा एक स्वतःचा ताल असतो. पोकळी जितकी मोठी, तितका ताल संथ. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) या जर्मन वैद्य-शास्त्रज्ञाने संगीतातील स्वरांचा अभ्यास करताना अशा पोकळ गोलकांचा उपयोग केला. त्यावरील त्याचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. म्हणून या प्रकारास आजही हेल्महोल्ट्झ अनुनाद असे म्हणतात.

मोटारगाडी ही अशीच एक मोठी घागर आहे. घागरीत दहा-पंधरा लिटर हवा मावते, तर गाडीच्या आत सुमारे तीन हजार लिटर. उघडलेली मागची काच हे त्या घागरीचे तोंड. पोकळी इतकी मोठी असल्यामुळे तिचा ताल फारच संथ, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा ते वीस आंदोलनांचा असतो. माणसाचा कान सेकंदाला वीस आंदोलनांपासून पुढचे ध्वनी सूर म्हणून ऐकतो. त्याहून संथ आंदोलन आपण ऐकत नाही, तर दाब म्हणून सोसतो. मोजणी केली असता हा दाब शंभर डेसिबलच्याही वर गेलेला आढळतो. इतका दाब असूनही कानाला स्पष्ट आवाज लागत नाही, आणि म्हणूनच ही दणदण नेमकी कोठून येते हे कोणाला सांगता येत नाही.

आता प्रश्न उरतो फुंकर कोण घालते याचा. गाडीच्या अंगाला लागून वाहणारा वारा पुढच्या आणि मागच्या दारांमधील खांबापर्यंत सरळ येतो. तेथून पुढे उघड्या काचेमुळे त्याचा आधार एकाएकी सुटतो. बाहेरची हवा वेगवान आणि आतली स्थिर; या दोहोंच्या सीमेवर लहान लहान भोवरे तयार होतात. नदीच्या प्रवाहात खडकाच्या कडेशी होतात, तसेच. प्रत्येक भोवरा खिडकीच्या मागच्या कडेवर आदळतो. त्या आघाताने निर्माण झालेली दाबाची लहर परत पुढच्या कडेपर्यंत जाते आणि पुढचा भोवरा सोडण्याची वेळ ठरवते. विमानांच्या पोटातील उघड्या कप्प्यांत होणाऱ्या अशाच कंपनांचा अभ्यास ब्रिटनमध्ये जे. ई. रॉसिटर यांनी १९६४ साली मांडला. विमानाचा कप्पा आणि मोटारीची खिडकी यांत फरक आकाराचा आणि वेगाचा; तत्त्व जवळजवळ एकच.

याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. भोवरे वाऱ्याच्या साधारण निम्म्या वेगाने पुढे सरकतात, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. खिडकीची लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर सेकंदाला सुमारे १८ भोवरे मागच्या कडेवर आदळतात. गाडीच्या पोकळीचा स्वतःचा तालही पंधरा ते वीस. दोन्ही आकडे जुळले! ताशी ४० किलोमीटर वेगाला हाच हिशेब सुमारे नऊवर येतो. तेथे जुळणी होत नाही आणि गाडी शांत राहते. प्रत्येक गाडीचा आकार आणि खिडकी वेगळी, त्यामुळे नेमका वेग थोडा मागेपुढे होईल, पण ताळा असाच जमतो. पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही तो उंच नेतो आणि अवेळी दिलेला जोराचा धक्का वाया जातो. येथे वारा हा झोका देणारा आहे आणि ८०च्या आसपास त्याची वेळ बरोबर साधते.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. जुन्या अरुंद रस्त्यावर बैलगाड्या, ट्रक आणि खड्डे यांच्यामधून वाट काढताना गाडीला सलग ८०चा वेग क्वचितच मिळे. आता चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादाच ताशी १०० किलोमीटरची असते, आणि दणदणीचा वेग तासन्‌तास टिकून राहतो. शिवाय आजच्या गाड्या धूळ आणि आवाज आत येऊ नये म्हणून अधिक घट्ट बांधलेल्या असतात. झाकण घट्ट, म्हणून घागर अधिक घुमते. अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या पुढच्या दारांना एक छोटी त्रिकोणी काच असे. ती तिरकी केली की वारा हवा तसा आत वळवता येई. एसटीच्या बसमध्ये तर दोन्ही अंगांना खिडक्यांची रांगच असते. तेथे वाऱ्याचा गोंगाट होतो, पण अशी दणदण होत नाही. कारण आत आलेल्या दाबाला निसटून जायला जागोजाग वाटा असतात.

या ‘वाटा’ शब्दातच उपाय दडलेला आहे. दणदण सुरू झाली की उघडी काच बंद करण्याऐवजी दुसरी एखादी काच थोडी उघडावी. मागची डावी काच खाली असेल, तर पुढची उजवी दोन-तीन बोटे खाली करावी. पोकळीला दुसरे तोंड मिळाले की तिचा ताल बदलतो, दाब निसटू लागतो आणि जुळलेला मेळ मोडतो. बहुधा एवढ्यानेच गाडी निवळते आणि वारा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असल्याने गाडीत हवाही खेळती राहते. दुसरा उपाय उघडी काच थोडी वर-खाली करून पाहण्याचा. तिसरा वेग थोडा कमी करण्याचा. एकच काच उघडायची असेल, तर ती शक्यतो पुढची असावी. तेथे आरसा आणि पुढचा खांब यांमुळे वाऱ्याचा प्रवाह आधीच विस्कटलेला असतो, म्हणून दणदण सहसा कमी होते. ज्या गाड्यांना सनरूफ आहे, त्यांच्या छतावरील उघडीतही हाच प्रकार घडतो. त्यासाठी अनेक गाड्यांत उघडीच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी किंवा जाळी वर येते. ती भोवऱ्यांची लय मोडण्यासाठीच असते; ती निरुपयोगी समजून काढून टाकू नये.

हीच कृती तपासणीचीही आहे. दुसरी काच उघडताच दणदण थांबली, तर दोष वाऱ्याचा, गाडीचा नव्हे. गॅरेजचा खर्च वाचला. सर्व काचा बंद असतानाही थरथर राहिली, स्टिअरिंग हातात कापू लागले, तर मात्र ती गोष्ट वाऱ्यावर सोडू नये; टायर आणि चाके त्वरित तपासून घ्यावी. तसेच मागची काच उघडी असताना लहान मुलांचे हात आणि डोके आतच राहतील, याकडे लक्ष असावे.

प्रवासात पुढे बसलेल्याच्या हाती चाक असते, काचांची बटणे असतात आणि बहुधा निर्णयही असतो. मागे बसलेली वृद्ध व्यक्ती एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगताना संकोचते. तान्हे मूल तर सांगूच शकत नाही, ते फक्त रडते. त्यांची गरज आणि इतरांच्या कानांचा त्रास या दोहोंत एकच गोष्ट निवडावी लागते, असा समज असल्यामुळे काच वर जाते. तो समज खरा नाही. पुढच्या वेळी पालीजवळ बिंदुसरेचे पाणी दिसू लागले आणि कानांत दणदण सुरू झाली, तर पुढच्याने आपली काच दोन बोटे खाली करावी. आजींना त्यांचा वारा मिळेल आणि घाट येण्याची वाट न पाहता गाडीतील संभाषण पुन्हा सुरू होईल.