लेखांक 4 : शेवटचं धड कधी पाहिलं?

गेल्या आठवड्यात रक्तदाबाबद्दल वाचलं. तोच वाढलेला रक्तदाब एखाद्या सकाळी घरातल्या माणसाला पक्षाघाताच्या (लकव्याच्या) रूपात गाठतो, तेव्हा काय दिसतं?

बशी हातातून सुटते. चहा ओठांच्या एकाच कोपऱ्यातून ओघळतो. बोलणं अडखळतं, जड होतं. दुखत मात्र बहुतेकदा काहीच नाही, आणि घात होतो तो इथेच. छातीत कळ आली की माणूस घाबरून दवाखाना गाठतो. इथे मात्र ‘पित्त असेल’, ‘ऊन लागलं’, ‘अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा’ असं म्हणता म्हणता दुपार होते.

ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. दात दाखवायला सांगावं. तोंड एका बाजूला ओढलं जातं का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावावेत. एक हात आपोआप खाली येतो का? ‘आज बाजाराचा दिवस आहे’ असं साधं वाक्य म्हणायला लावावं. तिन्हींपैकी एक जरी अचानक बिघडलं असेल तर 108 ला फोन करावा. अचानक तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं, आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, हीसुद्धा तीच लक्षणं.

दवाखान्यात विचारतील, माणूस शेवटचा धड कधी दिसला? मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस पहाटे पाचला हात लुळा घेऊन उठला, तर हिशेब दहापासून सुरू होतो. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तवाहिनी फुटली असेल तर तेच औषध जिवावर बेतेल. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नये; गिळता येत नसेल तर ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं, तेव्हा पाणीही पाजू नये. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अंतरं मिनिटं खातात. भंडारदऱ्याकडच्या वाडीवरून अहिल्यानगर शहर शंभर किलोमीटरच्या पुढे. म्हणूनच सीटी स्कॅन जवळात जवळ कुठे होतो, हे आजच आशाताईंना विचारून ठेवावं. उशीर झाला तरी जावंच. निवडक रुग्णांमध्ये 24 तासांपर्यंतही नळी घालून गुठळी काढता येते.

लक्षणं ओळखायला पदवी लागत नाही, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या कित्येक बायका गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप ओसरणारा झटका. हात पुन्हा हलू लागतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण खरा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांतच सर्वाधिक असतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.