लॅपटॉपची अंतर्रचना – लेखांक ९ : जुळ्या यंत्रांतील भागांची अदलाबदल

एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपपैकी एकाचा पडदा फुटलेला आणि दुसऱ्याचा मदरबोर्ड जळालेला असेल, तर दोन्हींमधून एक धड यंत्र उभे करता येते, ही अपेक्षा स्वाभाविक असून पुष्कळदा ती खरीही ठरते. मात्र झाकणावरचे नाव एक म्हणजे आतला प्रत्येक भाग एक, हे गृहीतक चुकीचे आहे. २०१८ साली आलेला लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० हा लॅपटॉप या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण कार्यालयांनी वापरून काढून टाकलेली ही यंत्रे जुन्या बाजारात सहज मिळतात आणि ती उघडणेही तुलनेने सोपे असते.

या यंत्रात रॅमचे दोन स्लॉट असल्याने डीडीआर४ प्रकारची रॅम एकातून काढून दुसऱ्यात बसवण्यात काही अडचण येत नाही. नावात केवळ एका अक्षराची भर असलेल्या टी-४८०एस या पातळ भावंडात मात्र रॅमचा काही भाग मदरबोर्डवरच डाखलेला असतो आणि तो काढता येत नाही.

पडद्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. टी-४८०च्या स्पर्शसुविधा नसलेल्या फुल एचडी पडद्याला मदरबोर्डशी जोडणारी केबल ३० पिनांची असते, तर २५६० बाय १४४० बिंदूंच्या पडद्याला ४० पिनांची केबल लागते. म्हणून पडद्याचा प्रकार बदलताना केबलही सोबत बदलावी लागते. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाच्या, बाबतीत अदलाबदल एकाच दिशेने चालते. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या टी-४८०चा हीटसिंक ती चिप नसलेल्या मदरबोर्डवर बसतो, पण साधा हीटसिंक त्या चिपवर पोहोचतच नसल्याने उलट बदल करता येत नाही. हीटसिंक एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी लावणे अनिवार्य असते. भागांतील अशा फरकांमुळेच मॉडेलच्या नावापेक्षा भागावर छापलेल्या एफआरयू क्रमांकावर, म्हणजे दुरुस्तीसाठी बदलता येणाऱ्या भागाच्या ओळखक्रमांकावर, विश्वास ठेवावा. कोणत्या क्रमांकाचा भाग कोणत्या रचनेत बसतो, हे कंपनीच्या हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअलवरून पडताळता येते.

याहून महत्त्वाची बाब डोळ्यांना दिसत नाही. यंत्राचा अनुक्रमांक, विंडोजचा मूळ परवाना आणि टीपीएम, म्हणजे कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप, हे सारे मदरबोर्डशी बांधलेले असते. त्यामुळे विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कूटबद्ध केलेली एसएसडी दुसऱ्या यंत्रात बसवली, तर दोन्ही यंत्रे कितीही सारखी असली तरी तिथल्या टीपीएमकडे त्या एसएसडीची किल्ली नसते आणि संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नोंदवलेली नसेल, तर एसएसडी धडधाकट असूनही तिच्यातील माहिती कायमची हातची जाते. भाग हलवण्यापूर्वी ही की कागदावर उतरवून घेणे, हे या साऱ्या कामातील सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

टी-४८०मध्ये मागची बाहेरून काढता येणारी बॅटरी वेगळी केली, तरी आतली दुसरी बॅटरी मदरबोर्डला वीज पुरवत राहते, त्यामुळे खालचे झाकण उघडण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन ती बंद करावी लागते. एरवी काम चालू असलेल्या मदरबोर्डवर केले जाते आणि एखादा स्क्रू निसटून पडला, तरी शॉर्टसर्किट होऊ शकते.

मदरबोर्डसाठी जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ते सुरू करून बायोसमध्ये प्रवेश मिळतो का, हे अवश्य तपासावे. तिथला सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरच साठवलेला असतो, बायोसची छोटी बॅटरी काढल्याने तो पुसला जात नाही आणि तो विसरला गेल्यास निर्मात्याच्या नियमानुसार मदरबोर्ड बदलणे हाच एक उपाय उरतो.